नऊ आण्यांचे पुस्तक

राजगडाच्या पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे. गड पाहावयास येणारी मंडळी देवीच्या देवळाशी टेकतात, तळ्याचे पाणी न्याहाळतात, सुवेळा आणि संजीवनी या माच्यांची नावे घोकतात आणि बालेकिल्ल्याच्या चढणीला लागतात. समाधीपाशी घटकाभर थांबणारा विरळा. ५ सप्टेंबर १६५९ या दिवशी सईबाई या गडावर वारल्या. संभाजीराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. पुरंदरावर त्यांचा जन्म झाला तेव्हाच आईचे दूध पुरेना, म्हणून बाळराजांसाठी दूधआई आणावी लागली, ती आमच्या कापूरहोळची. पुणे-सातारा रस्त्यावरून भोरचा फाटा जिथे फुटतो तेच हे कापूरहोळ. बाईचे नाव धाराऊ, आडनाव गाडे. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या पदरी राहिले. राजांचे दूधभाऊ म्हणून त्यांचा मान होता.

भोरमध्ये मी तीस वर्षे इतिहास शिकविला. धाराऊचे नाव निघाले की कापूरहोळकडची पोरे ताठ बसत. नाव निघे ते मात्र एका ओळीपुरतेच, आणि ती ओळ संपली की आम्ही मोहिमांकडे वळत असू. गेल्या वर्षी माझ्या पुतणीने मला विचारले, "काका, धाराऊ बाळराजांना पाजीत होती, तेव्हा तिच्या स्वतःच्या तान्ह्याला कोण पाजीत होते?"

प्रश्न साधा होता. दूध येते म्हणजे घरात तान्हे मूल असणारच. पण वतनांची कज्जेदलाली, होनांचे हिशेब, घोड्यांची आणि दारूगोळ्याची मोजदाद ठेवणाऱ्या आपल्या दप्तरांत दुधाचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मी पुतणीला म्हटले, "हा प्रश्न तुला कोणी शिकविला?" ती म्हणाली, "कोणी नाही. पण असे प्रश्न विचारायचे, हाच माझा मायनरचा विषय आहे."

हे मायनर प्रकरण वाचकांना थोडे उलगडून सांगितले पाहिजे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे पदवीची घडी बदलली. विद्यार्थ्याने एक मुख्य विषय घ्यायचा, त्याला मेजर म्हणतात. त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय घ्यायचा, तो मायनर. आमच्या कन्यकेने पुण्याच्या कॉलेजात मुख्य विषय अर्थशास्त्र घेतला. त्यावर घरात सर्वत्र आनंदीआनंद झाला, कारण अर्थशास्त्रात 'अर्थ' आहे. जोडीला मात्र तिने 'लिंगभाव आणि लैंगिकता' हा विषय घेतला, आणि फॉर्मवरचे ते दोन शब्द वाचून माझा धाकटा भाऊ चष्मा पुसू लागला. भावजय ताटे घ्यायला उठली ती बराच वेळ आलीच नाही. भावाचे म्हणणे एवढेच होते की, याने पोट भरणार नाही आणि गावात सांगायचीही चोरी. दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे होते, हे त्याच्या आवाजावरून कळत होते. "हे सगळे बाहेरचे फॅड," तो म्हणाला, "आपल्यात हे नव्हते."

'लिंग' हा शब्द वास्तविक आमच्या पिढीने व्याकरणाच्या तासाला अगदी निर्धास्त उच्चारला आहे. तो दगड, ती शिळा, ते ढेकूळ. दगडाला मिशा नाहीत आणि शिळेला कुंकू नाही, तरी एक 'तो' आणि दुसरी 'ती', हे आम्ही बिनतक्रार पाठ केले. माणसांच्या बाबतीतही जन्मतः मिळालेले शरीर निराळे आणि त्या शरीरावर समाजाने चढविलेले 'तो'पण किंवा 'ती'पण निराळे. या दुसऱ्या गोष्टीला विद्वानांनी 'लिंगभाव' हे नाव दिले आहे. नाव नवे आहे, थोडे टोचतेही. पण त्यातील मजकूर ऐकून आमच्या आजीला काही नवल वाटले नसते.

राहता राहिला भावाचा आक्षेप, की आपल्यात हे नव्हते. इतिहासाच्या मास्तरासमोर असे विधान करणे म्हणजे मांजरापुढे दूध ठेवण्यासारखेच आहे. मी त्या दिवशी वाद घातला नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मात्र विषय शोधीत बसावे लागले नाही.

ताराबाई हे नाव भोरकरांना परके नाही. राजाराममहाराजांच्या मागे १७०० पासून राज्य राखणाऱ्या राणी ताराबाई, आणि त्यांना दिलेली शपथ मोडवेना व शाहूमहाराजांशी लढवेना म्हणून १७०७ मध्ये आंबवडे येथे प्राण देणारे आमचे शंकराजी नारायण पंतसचिव, ही कथा भोरच्या घराघरात सांगतात. एका बाईला दिलेला शब्द पुरुषाने जिवापलीकडे पाळला, ही गोष्ट आमच्या संस्थानाच्या पायाशी आहे. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्या ताराबाईंबद्दल. त्यांना राज्य नव्हते, सरदार नव्हते, आणि त्यांच्यासाठी कोणी जलसमाधी घेतली नाही.

या ताराबाई शिंदे वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीला त्यांनी घरीच शिकविले. १८८१ मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. वैधव्यात दिवस गेले, मूल झाले, आणि लोकलज्जेने तिने ते मारले. कोर्टाने फाशी सांगितली. अपिलात ती उतरून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांतून मग 'बायकांची जात कशी बिघडत चालली' यावर रकाने भरू लागले. त्या रकान्यांना उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापले गेले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

पुस्तक लहान आहे, पण त्याचा रोख पाहा. स्त्रियांच्या अंगी म्हणून पुराणांनी आणि नाटकांनी जे दुर्गुण मोजून ठेवले, ते एकेक उचलून ताराबाई विचारतात की हे पुरुषांत नाहीत काय? बायको मेली तर दहाव्या दिवशी नवरदेव व्हायला शास्त्राची आडकाठी नाही, मग नवरा मेल्यावर बाईनेच काय गुन्हा केला? पोटात मूल वाढले ते काय एकट्या विजयालक्ष्मीच्या करणीने? मग खटल्यात आरोपी एकच कसा? भाषा घरगुती, धारदार, कधी शिवराळही. आज ज्याला विद्यापीठात लैंगिक नीतीचा दुटप्पीपणा म्हणतात आणि ज्यावर प्रबंध लिहितात, ते सगळे या नऊ आण्यांत येऊन गेले आहे. आणि ते वऱ्हाडातील मराठा घराच्या एका बाईला सुचले आहे, विलायतेतून आलेल्या कोणाला नव्हे.

पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधकांतीलही काहीजणांना ते रुचले नाही. जोतीराव फुले मात्र १८८५ च्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही निघाले नाही, आणि पहिलेही पुढे लोकांच्या हातून सुटले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले तेव्हा त्र्याण्णव वर्षे लोटली होती. हे मी मुद्दाम मोजून सांगतो. आमचे आजोबा, वडील आणि मी, तीन पिढ्या शिकल्या, पैकी दोन पिढ्यांना हे पुस्तक असल्याचेही ठाऊक नव्हते. मग भावाला 'आपल्यात हे नव्हते' असे वाटले तर त्यात त्याचा तरी काय दोष?

जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेतली ती काही तात्त्विक आवड म्हणून नव्हे. आमच्या शेजारच्या खंडाळा तालुक्यातील नायगावची लेक सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या अपत्यहीन जोडप्याने दत्तक घेतला, तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. शाळा काढल्याबद्दल सावित्रीबाईंवर शेण पडले हे आपण मुलांना सांगतो. ते सांगणे सोपे आहे. बाळंतपणाच्या त्या घराबद्दल सांगताना आमच्यासारख्या मास्तरांचा आवाज आपोआप खाली येतो, कारण तिथे विषय शिक्षणापुरता राहत नाही, अंथरुणापर्यंत येतो.

आणि अंथरुणापर्यंत विषय आला की काय होते, ते पाहायचे तर कर्व्यांच्या घरासारखे दुसरे घर महाराष्ट्रात नाही.

थोरले धोंडो केशव कर्वे. स्वतः विधवेशी लग्न केले, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, आणि जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ मध्ये हिंदुस्थानातील पहिले महिला विद्यापीठ उभे केले. पुढे ठाकरसींच्या देणगीने ते एस.एन.डी.टी. झाले. लोकांनी आरंभी वाळीत टाकले, पण अखेर डोक्यावर घेतले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळाले. त्यांची सून इरावतीबाई. त्या डेक्कन कॉलेजात बसून, आणि बसून कमी व हिंडूनच अधिक, देशभरच्या नातेसंबंधांचा अभ्यास करीत राहिल्या. मामाची मुलगी कुठे चालते, आत्याची कुठे चालत नाही, सासरी गेलेली मुलगी कोणाची, या प्रश्नांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५३ साली निघाले. आणि 'युगान्त'मधून कुंती, गांधारी, द्रौपदी यांना त्यांनी माणसांत आणून बसविले. त्यांनाही महाराष्ट्राने मान दिला.

आता मधले रघुनाथराव, अण्णांचे थोरले चिरंजीव आणि इरावतीबाईंचे मोठे दीर. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. बाईच्या प्रकृतीला, घराच्या मिळकतीला आणि जोडप्याच्या मनाला झेपेल तेवढीच मुले व्हावीत, एवढे साधे म्हणणे. पण ते उघडपणे सांगणारा माणूस तरुणांना शिकविण्यास योग्य नाही असे ठरले आणि १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील नोकरी गेली. त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि ते मरेपर्यंत चालविले. पत्नी मालतीबाईंनी संसाराचा आणि या कामाचा भार बरोबरीने उचलला. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही. जे लोकांना सांगायचे ते आधी स्वतः करायचे, ही कर्वे घराण्याची खोड.

'समाजस्वास्थ्य'चे दोन अंक आमच्या घरच्या माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत सापडले. दोन्हींचे मुखपृष्ठ फाडलेले. त्यावर नग्न चित्रे असत, म्हणून ते कोणी फाडले असेल; आजोबांनी भीतीने की आजीने रागाने, हे आता ठरविता येणार नाही. पण कव्हर फाडून आतले पान जपून ठेवणारे ते घर मला फार ओळखीचे वाटते. पुतणीने ते अंक आधाशासारखे वाचले. तिचे लक्ष लेखांपेक्षा वाचकांच्या पत्रांकडे अधिक गेले. नावगाव न देता माणसे त्यात डॉक्टरला न विचारलेले, आईला न सांगितलेले, बायकोपाशी न बोललेले प्रश्न विचारतात, आणि गणिताचा हा प्राध्यापक कोरड्या आवाजात, न लाजता आणि न लाजविता उत्तरे देतो. स्त्रीलाही कामसुखाची इच्छा असते आणि तिचा त्यावर पुरुषाइतकाच हक्क आहे, ही गोष्ट तो त्रैराशिक समजावून सांगावे तशी सांगतो.

या मासिकानेच त्यांच्यावर खटले आणले. १९३१ मध्ये पहिला झाला. १९३४ चा खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. त्यातले काही प्रश्न समलिंगी ओढीबद्दलचे होते. बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनात असे प्रश्न आहेत तर त्यांना शास्त्रीय माहिती देणे अश्लील कसे ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोर्टाला तो पटला नाही आणि दंड झाला. १४ ऑक्टोबर १९५३ ला रघुनाथराव गेले, नोव्हेंबरमध्ये शेवटचा अंक निघाला आणि मासिक बंद पडले. एकाच घरात मुलींच्या शिक्षणाला भारतरत्न आणि लैंगिक शिक्षणाला दंड! माझ्या भावाच्या चष्मा पुसण्याचे मूळ मला इथे सापडते. बायकांना शिकवा म्हणण्यापर्यंत आपण पोचलो. त्या शिकलेल्या बाईच्या देहाबद्दल बोलायची वेळ आली की आपण मुखपृष्ठ फाडतो.

विद्यापीठे या वाटेला फार उशिरा लागली, आणि तो भाग मी भराभर सांगतो. अण्णांच्याच महिला विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू केले; देशातील ते पहिले. त्याच वर्षाअखेर देशातील स्त्रियांच्या स्थितीवर सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला, आणि स्वातंत्र्यानंतर बायकांचे सगळे चांगलेच चालले आहे या समजुतीला तडा गेला. स्त्रियांची संख्या पुरुषांच्या मानाने घटते आहे आणि रोजगारातला त्यांचा वाटा कमी होतो आहे, हे आकडेच बोलू लागले. १९७२ मध्ये विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले. तेव्हा १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये मुंबईस झाली आणि पुणे विद्यापीठात केंद्र आले ते १९८७ मध्ये. विद्युत भागवतांनी ते रुजविले. त्यांच्यानंतर शर्मिला रेगे यांनी तिथे एक गोष्ट पक्की केली, की बाईचा विचार करताना तिची जात बाजूला ठेवता येत नाही. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचे त्यांचे पुस्तक २००६ चे. २०१३ मध्ये त्या अकाली गेल्या. विषय मराठीतून शिकविला पाहिजे, खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींना तो आपला वाटला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आमची मुलगी आज जे शिकते आहे त्यावर त्या आग्रहाचे ऋण आहे.

पण मला खरे सांगायचे आहे ते याहून जवळचे. १९८० नंतरच्या दशकांत हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ ही दोन माणसे पुण्याहून मुळशी-मावळच्या डोंगरांत जाऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करू लागली. प्वातव्हँ मूळचे फ्रेंच. पण इथल्या मातीत ते असे मिसळले की बायका त्यांना पाव्हणे म्हणेनाशा झाल्या असाव्यात. गावोगावच्या बायकाच पुढे या कामात सहभागी झाल्या. मुळशीवरून काम वेल्ह्याकडे, आणि तिथून जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले. एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. लेखिका हजारो, आणि बहुतेकींना अक्षरओळख नाही. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या आणि जाती अडगळीत गेली, त्याच्या अगदी शेवटच्या घटकेला हा ठेवा हाती लागला.

या ओव्यांत काय नाही? मुलगी झाली म्हणून घरावर पसरलेली मळभ. परक्या घरी देऊन टाकलेल्या लेकीचे दुःख. नवऱ्याचा मार. भावाची वाट. आणि सीता. पोथीतल्या रामाला नमस्कार करणाऱ्या याच बायका जात्याशी बसल्या की सीतेला वनात धाडणाऱ्या रामाला जाब विचारतात. पहाटे तीनला घरातली पुरुषमंडळी घोरत असताना दोघी जावा समोरासमोर बसून खुंटा ओढीत हे बोलत. ताराबाईंनी छापखान्यातून जे विचारले, ते इथे पिठाबरोबर बाहेर पडत होते. मी याला अभ्यासच म्हणतो. परीक्षा नव्हती, एवढाच काय तो फरक.

वेल्हे तालुका ज्यांनी पावसात पाहिला आहे त्यांना भातलावणी सांगायला नको. (या तालुक्याला आता राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला आहे, आमच्या तोंडातून वेल्हे जायला वेळ लागेल.) उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसाला रोपे टाकायची, आणि आषाढात खाचरे चिखलून लावणी करायची. चिखलणीला औत पुरुष धरतो. आता पॉवर टिलर आला, तोही पुरुषच धरतो. लावणी बाईची. पूर्वी पाठीवर इरले, आता प्लॅस्टिकचा कागद. पोटरीभर पाण्यात दिवसभर वाकून ती एकेक आवा रोवते. तिचा रोज पुरुषाहून कमी. पुतणीने आपल्या मायनरच्या प्रकल्पासाठी गेल्या आषाढात हाच विषय घेतला आणि बांधावर उभी राहून सर्वांना एकच प्रश्न विचारीत सुटली: "बाईने औत का धरू नये?"

उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. एक म्हातारबा म्हणाले, पाऊस जातो. दुसरे म्हणाले, बैल बाईला मानीत नाहीत. त्यावर शेजारची म्हातारी हसून म्हणाली की, गोठ्यात वैरण टाकताना, शेण काढताना तेच बैल मानतात, शेतात आल्यावरच त्यांना पुरुषपणा आठवतो होय? एका तरुणाने सांगितले की काम जड आहे. तेव्हा ती म्हातारी पुन्हा म्हणाली, "दिवसभर वाकून बघ की रे एकदा." पुतणीने हे सगळे वहीत उतरविले, आणि अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे रोजाचे आकडेही समोर मांडले. माझा भाऊ तोवर गप्प होता. आकडे पाहिल्यावर तो म्हणाला, "हे म्हणजे तुमच्या विषयात येते होय? मला वाटले, निराळेच काही असते." निराळेही असतेच, असे मी मनात म्हटले, पण त्या रात्री जेवताना ताटावर प्रथमच या विषयाचे नाव निघाले, तेवढे पुष्कळ झाले.

तर आता त्या निराळ्याकडे.

आमच्या खोऱ्यातल्या एका वाडीत एक मुलगा होता. भजनी मंडळाच्या भारुडात बाईचे सोंग तो असे घेई की हशा पिकायच्या ऐवजी लोक अवाक होत. पदर, चाल, मान वळविणे, सगळे इतके सहज की त्याला सोंग म्हणणे जिवावर येई. एकनाथांच्या नावाने चाललेल्या त्या रात्रीपुरते गावाला ते चालत असे, आवडतही असे. पहाट झाली, पदर उतरला, तरी चाल तीच राहिली. मग मात्र चालेना. रस्त्यावर पोरे मागे लागू लागली. बापाने मारले. सोळाव्या-सतराव्या वर्षी तो मुंबईला निघून गेला. पुढे कोणी सांगितले की तो तृतीयपंथीयांत राहतो. त्यानंतर त्याचे नाव वाडीत कोणी काढीनासे झाले. बापाच्या दहाव्यालाही त्याला कोणी निरोप धाडला नाही.

गावाच्या या वागण्यात एक गंमत आहे, आणि ती गंमत म्हणण्यासारखी नाही. यल्लम्माच्या जोगत्याला आपण ओवाळतो, त्याच्या परडीत जोगवा घालतो. देवीने पुरुषाला लुगडे नेसविले तर तो देवीचा. आपण होऊन नेसले तर तो कोणाचाच नाही. या दोहोंमधले अंतर काय, हे आमच्या गावाने कधी विचारले नाही. रघुनाथरावांना पत्रे लिहिणाऱ्या बिननावाच्या माणसांपैकी कोणी आपल्याच खोऱ्यातला असेल काय, असे मला ते फाटक्या मुखपृष्ठाचे अंक वाचताना वाटून गेले.

दरम्यान बाहेर बरेच घडले. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक' संस्था काढली आणि समलिंगी माणसांबद्दल मराठीतून, साध्या भाषेत पुस्तके लिहिली. २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन मराठीत आले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी, इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घालून ठेवलेल्या ३७७ कलमातून सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांची सुटका केली. कर्व्यांना दंड झाला त्या १९३४ सालापासून मोजले तर चौऱ्याऐंशी वर्षे. म्हणजे ताराबाईंच्या त्र्याण्णवांपेक्षा नऊच कमी. आपल्याकडे एखादा प्रश्न विचारल्यापासून त्याला दाराच्या आत घ्यायला साधारण एवढा काळ लागतो असे दिसते.

पुतणीला भातलावणीच्या प्रकल्पात चांगले गुण मिळाले. यंदाच्या सहामाहीत तिला कोणा एकाची जीवनकथा त्याच्याच शब्दांत उतरवायची आहे. तिने त्या भारुडातल्या मुलाचे नाव घेतले तेव्हा माझी भावजय, जी आजवर या विषयावर चकार शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "त्याची आई बाजारच्या दिवशी भाजी घेऊन बसते. मी विचारते तिला." हे दोघींचे बोलणे कधीपासून आहे, हे माझ्या भावालाही ठाऊक नव्हते.

मंगळवारी भावजय पुतणीला घेऊन बाजारात गेली. म्हातारीने आधी इकडेतिकडे पाहिले, मग कमरेची पिशवी उघडून घडी घातलेल्या कागदावरचा फोन नंबर काढला. बापाच्या मागे तिचे बोलणे सुरू आहे, महिन्यातून एकदा, शेजारच्या मुलाच्या फोनवरून. मुलाला ती अजून मुलगाच म्हणते; बोलता बोलता मध्येच 'ती आली व्हती' असेही म्हणून जाते, आणि दुरुस्त करीत नाही. जीवनकथा उतरवून घ्यायला तिची हरकत नव्हती. फक्त दिवाळीच्या आत नको म्हणाली. सतरा वर्षांनी तो भाऊबीजेला बहिणीकडे येतो आहे. रात्रीच्या गाडीने येईल आणि उजाडायच्या आत वाडीबाहेर पडेल असे आधी ठरले होते, पण बहीण ऐकायला तयार नाही. दुपारचे जेवण करूनच जायचे, असा तिचा हट्ट आहे. ओवाळणीत तो काय घालील ते घालील, तिने आपल्याकडून भोरच्या पेठेतून हिरवी साडी आणून ठेवली आहे.

"तिच्यासाठी?" पुतणीने विचारले.

"न्हाई," म्हातारी म्हणाली आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाला मेथीची जुडी निवडून देऊ लागली, "त्याच्यासाठी."